अंडे एक नग, पिल्लू एक नग

पुरवणी जबाब

मी, कागदोपत्री नाव सोबतच्या ओळखपत्राच्या नकलेप्रमाणे, सर्वजण गाडीवाली ताई म्हणतात, वय ५१ वर्षे, धंदा स्वतःच्या बंद व्हॅनने मालवाहतूक, राहणार भाजीबाजाराच्या मागची गल्ली, लाकडाच्या वखारीवरचा मजला.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व धाकटे दीर असे राहतो. पती वखारीत बसतात. त्यांचा या प्रकाराशी संबंध नाही, त्यांना गाडी लागते. दीर गाड्यांचे वायरिंग करतात. त्यांचा संबंध आहे, तो पुढे येईल.

मंगळवारी माझी व्हॅन चोरीस गेल्याची फिर्याद मी याच ठाण्यात दिली आहे. चोरीस गेलेल्या मालात "व्हॅन एक, उबवणीची पेटी एक, अंडे एक नग" असे लिहिले होते. बुधवारी गाडी मिळाली तेव्हा जप्तीच्या कागदावर "व्हॅन एक, उबवणीची पेटी एक, पिल्लू एक नग" असे आले. दोन कागद जुळत नाहीत म्हणून आज शुक्रवारी मला खुलाशाला बोलावले. हवालदारसाहेब म्हणाले, "ताई, अंडं कुठं गेलं ते सांगा." मी म्हणाले, अंडे पिल्लात गेले. ते म्हणाले, असे लिहिता येत नाही, पहिल्यापासून सांगा. पहिल्यापासून सांगते. मध्ये तोडू नये ही विनंती.

माझ्या गाडीत कंपनीचा फ्यूजबॉक्स स्टेअरिंगखाली आहे. तो गाडीपुरता. आम्ही मागून बसवलेल्या वस्तू सहा आहेत. उबवणीच्या पेटीचा प्लग, मागचा दिवा, मागचा पंखा, रिव्हर्सचा कॅमेरा, फोनचा चार्जर आणि गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारा ट्रॅकर. पूर्वी या सगळ्या वस्तू लायटरच्या एकाच सॉकेटला लोंबकळत होत्या. एकदा करपल्याचा वास आला म्हणून दिरांनी डॅशबोर्ड उघडला आणि आतला गुंता बघून कपाळाला हात लावला. "वहिनी, ही गाडी आहे की आगपेटी?" असे ते म्हणाले. मी म्हणाले, भावजी, अर्धा गुंता तुमच्याच हातचा आहे. त्यावर ते कामाला लागले.

त्यांनी बॅटरीवरून करंगळीएवढी जाड लाल वायर घेतली. बॅटरीजवळच तिला एक मोठा फ्यूज घातला. पत्र्याला वायर घासू नये म्हणून भोकात रबर बसवून ती केबिनमध्ये आणली आणि माझ्या सीटखाली सहा खणांचा जादा फ्यूजबॉक्स लावला. प्रत्येक वस्तूची वायर वेगळी, फ्यूज वेगळा, झाकणावर प्रत्येकाचे नाव. "एकाच्या घरात भांडण झालं तर शेजाऱ्याकडे अंधार कशाला?" असे त्यांचे म्हणणे. काम इतके देखणे झाले की मी शेजारणीला बोलावून सीट उचलून दाखवले.

आता दिरांची एक खोड सांगणे भाग आहे. एका गिऱ्हाइकाने गाडीतला दिवा चालू ठेवला, बॅटरी बसली आणि शिव्या दिरांनी खाल्ल्या. तेव्हापासून ते कुठलाही जादा बॉक्स किल्लीवर टाकतात. मध्ये रिले म्हणून एक डबी असते. किल्ली फिरवली की ती टक् करते आणि बॉक्समध्ये करंट येतो. किल्ली बंद केली की सहाच्या सहा वस्तू बंद. किल्लीशिवाय गाडीत काही चालू दिसले की त्यांना चैन पडत नाही. उबवणीची पेटी चालू ठेवून खाली उतरायचे तर किल्ली गाडीतच राहणार, हे त्यांच्या डोक्यात आले नाही. माझ्याही आले नाही.

मी पक्षी केंद्राची भाडी नेहमी करते. तिथे पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत. मंगळवारी सकाळी त्यांनी मला तलावाच्या वरच्या टोकाला बोलावले. धरणातून पाणी सोडले होते आणि काठाच्या गवतातले एक घरटे बुडत होते. करकोच्याच्या जातीचा उंच, राखी पक्षी. अशी जोडी आमच्या भागात एवढी एकच राहिली आहे, असे बाईंनी सांगितले. घरट्यात दोन अंडी होती. एक आम्ही पोचण्याआधी पाण्यात गेले. दुसरे बाई छातीएवढ्या पाण्यातून डोक्यावर धरून घेऊन आल्या. येताना त्यांच्या पायात काच घुसली. रक्त गाळत त्या काठावर बसल्या, पण आधी अंडे पुसले.

मग त्यांनी ते अंडे माझ्या कानाला लावले. आतून आवाज येत होता. बारीक, थरथरता, एकसारखा. मी दोन मुलींची आई आहे, पोटातल्या लाथा मला माहीत आहेत, पण आत बसलेले लेकरू आतूनच हाक मारते हे मी पन्नाशी ओलांडल्यावर ऐकले. माझ्या अंगावर काटा आला. तोंडातून "अगं बाई!" एवढेच निघाले. बाईंनी लगेच ओठांवर बोट ठेवले. म्हणाल्या, गाडीत गाणी लावू नका, फोनवर बोलू नका आणि अंड्याशी तर मुळीच बोलू नका, ते ऐकतं. बाहेर येताना ज्याचा आवाज ऐकेल, आल्यावर ज्याचं तोंड पाहील, त्याला ते आई समजतं. म्हणून केंद्रातली माणसं पिल्लापुढे तोंड झाकून, पांढरा झगा घालून, अवाक्षर न बोलता जातात. एवढे सांगून त्यांनी अंडे गाडीतल्या पेटीत ठेवले, ते केंद्रात पोचवायला माझ्या स्वाधीन केले आणि त्या पायाला टाके घालून घ्यायला दवाखान्यात गेल्या. मी तासभर तोंडाला कुलूप लावून गाडी चालवली. मला ओळखणाऱ्या कुणालाही हे खरे वाटणार नाही.

वाटेत मागच्या चाकाची हवा कमी वाटली म्हणून पंक्चरवाल्याकडे थांबले. इंजिन बंद केले, किल्ली तशीच चालू ठेवली, कारण पेटी तिच्यावर होती. हवा भरून झाल्यावर दुकानामागच्या नळावर हात धुवायला गेले. पंक्चरवाला ओरडला, "ताई, तुमची गाडी चालली!" मी म्हणाले, मी इथे आहे, गाडी कशी जाईल? बाहेर येऊन बघते तर गाडी वळणावर. मी चपला टाकून धावले. गाडी गेल्याचे दुःख नंतर झाले. आधी डोळ्यांपुढे ते अंडे आले आणि कानात तो आवाज.

मोबाइलवर ट्रॅकरचा ठिपका पुलापर्यंत हलला आणि तिथे विझला. मी फिर्याद दिली. बाईंना फोनवर सांगितले. त्या मला रागावल्या नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते. पेटी बंद पडली तर तासा-दोन तासांत आतले थंड पडेल, एवढे त्यांनी सांगितले. ठिपका विझला म्हणजे किल्ली बंद, किल्ली बंद म्हणजे पेटीही बंद. संध्याकाळपर्यंत सगळे संपले असे धरून मी घरी गेले आणि जेवले नाही.

बुधवारी दुपारच्या सुमारास मी ओट्याशी असताना मोबाइल वाजला. ट्रॅकर चालू झाल्याचा निरोप. ठिपका शहराबाहेरच्या बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याच्या आवारात होता आणि हलत नव्हता. मी ठाण्याला कळवले. ठाण्याचे मोठे साहेब, हवालदार आणि दोन शिपाई पुढच्या गाडीत, मी व दीर मागे दिरांच्या दुचाकीवर, असे आम्ही पोचलो.

व्हॅन भट्टीच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन बंद, किल्ली चालू. साहेबांनी मागचे दार ओढले. आत एक माणूस फरशीवर मांडी घालून बसला होता. याला पोलीस पान्या या नावाने ओळखतात, कारण चोरीची गाडी हा तासाभरात पान्याने सुटी करतो. वय माझ्याएवढे असेल. स्वेटर पोटापासून गळ्यापर्यंत फुगलेला आणि दोन्ही हात त्यावर. समोर चार पोलीस बघून तो पळाला नाही, उठलासुद्धा नाही. त्याचे पहिले वाक्य असे : "दार लावा, वारा येतोय."

आणि साहेबांनी दार लावले. साहेब, तुम्ही लावले, मी पाहिले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, मीही लावले असते.

मग पान्याने स्वेटरचा गळा खाली केला आणि आतून एक डोके वर आले. तांबूस, ओलसर लव, काळे डोळे, चोचीच्या टोकावर पांढरा ठिपका. ते पान्याच्या हनुवटीकडे बघून बोलले. मी तो आवाज ओळखला. कवचाआडून ऐकला होता तोच, आता मोकळा झालेला. मला रडू आले आणि ते मी लपवले नाही. अंडे कुठे गेले याचे उत्तर मागत असाल तर एवढेच. ते फुटले आणि जे आत होते ते हेच. मी ओळखून सांगते. कवचाचे तुकडे पेटीत आहेत, मुद्देमालात तेही लिहून घ्यावेत.

पान्याने पिल्लू आधी माझ्या हातात दिले, मगच बेडीसाठी हात पुढे केले. पिल्लू त्याच क्षणी ओरडायला लागले. आम्हाला वाटले, थंडीने ओरडते.

दिरांनी पंचांसमक्ष माझी सीट उचलली. जादा बॉक्सच्या सहा खणांत दोनच फ्यूज बसलेले होते. एक पेटीचा, एक ट्रॅकरचा. बाकीचे चार, म्हणजे दिवा, पंखा, कॅमेरा व चार्जर यांचे, झाकणात एका ओळीत ठेवलेले होते. टाकीत डिझेलचा थेंब नव्हता. बॅटरी इतकी बसली होती की पेटीचा दिवा काजव्याएवढा उरला होता. दिरांनी ते चार फ्यूज एकेक करून हातात घेऊन पाहिले. मग म्हणाले, "वहिनी, ह्याने बॅटरी घास घास करून पुरवलीय."

यापुढचे पान्याने गाडीजवळ सर्वांसमक्ष सांगितले ते आहे. आरोपीचे बोलणे माझ्या जबाबात कशाला, असे हवालदारांनी आत्ता विचारले. माझ्या कानांनी ऐकले म्हणजे ते माझे. लिहा.

गाडीत किल्ली दिसली म्हणून त्याने नेली. पुलाखाली थांबून सीट उचलली, झाकणावर नावे वाचली आणि ट्रॅकरचा फ्यूज उपसला. भावजींनी नावे लिहून त्याची सोयच केली होती. शेडमध्ये येऊन त्याने किल्ली बंद केली. लगेच मागून पेटीचा भोंगा वाजायला लागला. करंट गेला की तिला आतल्या सेलवर भोंगा आहे. तो बंद करायला म्हणून हा मागे गेला, पेटी उघडली, तर माल काय, एक अंडे. त्याच्या तोंडून गेले, "एवढ्या गाडीत एवढंच?" आणि अंड्याने उत्तर दिले.

तो म्हणाला, "ताई, मी दचकलो. इकडंतिकडं बघितलं. मग म्हटलं, कोण आहे रे आत? तर परत बोललं."

तिथून पुढे त्याला गाडी सुटी करायला हात उचलेना. किल्ली बंद केली की भोंगा, चालू केली की गप्प, यावरून त्याला बॉक्स किल्लीवर आहे हे समजले. मग त्याने इंजिन चालू करून ठेवले. अंडे एकटे पडू नये म्हणून त्याच्याशी बोलत बसला. काय बोलत होतास, असे मी विचारले. म्हणाला, "काय बोलणार? आज काय काय झालं ते सांगितलं. ते हुंकार देत होतं." उजाडताना कवचाला तडा गेला आणि चोच बाहेर आली. त्याला वाटले मदत करावी, पण हात लावला तर मरेल या भीतीने दोन्ही हात पाठीमागे धरून बसला. गाड्यांचे स्क्रू डोळे मिटून काढणारा माणूस, आणि एका कवचापुढे हात मागे! मी असे काही आजवर ऐकले नव्हते.

पिल्लू पुरते बाहेर आले आणि थोड्या वेळाने डिझेल संपले. इंजिन बंद, पेटी नुसत्या बॅटरीवर. मग त्याने दिवा काढला, पंखा काढला, कॅमेरा काढला, चार्जर काढला, म्हणजे उरलेला करंट एकट्या पेटीला जावा. मी त्याला झापले. म्हटले, अरे, गाडीच्या दोन्ही बाजूंना माझा नंबर हातभर अक्षरांत रंगवलाय, फोन करायला काय झालं होतं? तो म्हणाला, "फोन मेला होता. चार्जरचा फ्यूज तर मीच काढलेला." चार्जर परत लावता आला असता, पण तेवढा करंट त्याला पेटीतून काढून घ्यायचा नव्हता. ट्रॅकरला मात्र अगदी थोडा लागतो, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होते. म्हणून त्याने ट्रॅकरचा फ्यूज स्वतःच्या हाताने परत खणात बसवला. पेटी गार पडायला लागली तशी पिल्लू उचलून स्वेटरमध्ये घेतले आणि वाट बघत बसला. फ्यूज लावून पळून का नाही गेलास, असे साहेबांनी विचारले. तो म्हणाला, "उठलो की ओरडायचं, साहेब."

गुरुवारच्या वर्तमानपत्रात गाडी "तांत्रिक तपासाच्या आधारे" शोधल्याचे आले आहे. साहेबांचे म्हणणे, फ्यूज सैल असेल, हादऱ्याने आपोआप लागला असेल. दिरांना मी विचारले. ते म्हणाले, "वहिनी, झाकणातला फ्यूज उडी मारून खणात बसायला लागला तर मी दुकान बंद करतो." पोलिसांनी माझी गाडी परत आणली, त्यांचे उपकार आहेत. पण ठिपका पान्याने लावला. तो स्वतःच्या हाताने सापडला, आणि का सापडला हे जबाबात आले पाहिजे. त्याशिवाय मी सही करणार नाही. आणा पेन, आणू नका पेन, तुमची मर्जी.

(या ठिकाणी साहेब बाहेर जाऊन आले व लिहिण्यास हरकत नाही असे म्हणाले.)

आता आजचे सांगते. पिल्लू बुधवारीच पक्षी केंद्रात नेले होते. तिथे त्याला उबेची पेटी, मऊ गवत, दाणे, अळ्या, उकडलेल्या अंड्याचा चुरा, सगळी बडदास्त. पांढऱ्या झग्यातल्या बाई हातात पक्ष्याच्या डोक्याची बाहुली धरून, तोंड झाकून चारायच्या. त्याने एक कणही घेतला नाही. पहिला दिवस पोटातल्या बलकावर निघतो, म्हणून बाईंनी धीर धरला. गुरुवारीही तेच. दिवसभर नुसती हाक. आज सकाळी हाकही बारीक झाली आणि ते पायावर उभे राहीना. बाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "ताई, हे भुकेनं नाही, कुणाला तरी शोधतंय म्हणून मरतंय. जन्मताना ह्याच्याशी बोललं कोण?"

मी सांगितले. बाई टाके घातलेल्या पायाने, पिल्लू खोक्यात घालून, तशाच माझ्याकडे आल्या. केंद्राचा सगळा नेम एका चोराने मोडला, पण त्या त्याच्यावर चिडल्या नाहीत. आधी जगू दे, म्हणाल्या, मोठ्या पक्ष्यांत कसं मिसळायचं ते पुढं बघू.

इकडे यायच्या आधी आम्ही माझा मोबाइल वापरून पाहिला. ठाण्यातून शिपायाने पान्याचा आवाज भरून पाठवला होता. मोबाइल पिल्लापुढे धरला. त्याने मान वर केली, मोबाइलकडे पाहिले, मोबाइलच्या मागे पाहिले, मागे कोणी नव्हते. मान परत टाकली. बाई दुसरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मीच म्हटले, चला.

आम्ही खोके घेऊन या ठाण्याच्या व्हरांड्यात आलो. हवालदारसाहेब म्हणाले, कोठडीत कुठलीही वस्तू देता येणार नाही. बाई म्हणाल्या, ही वस्तू नाही. हवालदार म्हणाले, मग काय आहे? मुद्देमाल आहे, आणि मुद्देमाल आरोपीच्या ताब्यात देता येतो का, तुम्हीच सांगा. त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर असेल. आम्ही असे वाद घालत असताना आत कोठडीत पान्याने शिपायाकडे पाणी मागितले. "जरा पाणी देता का?" एवढेच शब्द.

खोक्यातून आवाज आला. सकाळपासून जे उभे राहत नव्हते ते खोक्याच्या कडेवर चोच टेकून उभे राहिले. पडले. परत उभे राहिले. हवालदारांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. मी खोके उचलून कोठडीच्या गजांपाशी नेले. मला कुणी अडवले नाही.

पान्या गजांशी येऊन बसला. "आलास होय रे? जेवला नाहीस म्हणे," असे म्हणाला. बाईंनी त्याच्या बोटावर अंड्याचा चुरा ठेवला. पिल्लू लटपटत गजांमधून आत गेले, बोटाकडे पाहिले, वर तोंडाकडे पाहिले आणि खाल्ले. पुन्हा खाल्ले. मग अळी खाल्ली. ठाण्यात तेव्हा तक्रार द्यायला आलेली माणसे होती, शिपाई होते, कुणी हूं की चूं केले नाही. मी देवळात इतकी शांतता पाहिलेली नाही. बाई मला म्हणाल्या, वीस वर्षं पक्षी वाढवतेय, असं खाताना पाहिलं नाही. पान्या मात्र आमच्यातल्या कुणाकडे बघत नव्हता. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होते आणि तो पिल्लाला सांगत होता, "हळू. ठसका लागेल."

आता प्रश्न पुढचा आहे. पोलीस कोठडीची मुदत संपते म्हणून उद्या आरोपीस पुन्हा कोर्टात नेणार, तिथून तुरुंगात. पिल्लाला अजून काही आठवडे दर तासा-दोन तासांनी चारावे लागेल, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातचे घेत नाही. तो तुरुंगात गेला तर हे पिल्लू जगणार नाही, असे बाईंनी लेखी दिले आहे.

तुमची तक्रार मागे घेता का, असे मला विचारले. नाही. गाडी त्याने नेली, ती माझी रोजीरोटी आहे, त्याची शिक्षा त्याला कोर्ट देईल ती मिळो. पण तोवर त्याला जामीन मिळावा आणि त्याने पक्षी केंद्रात राहून पिल्लू वाढवावे. जामीनदार कोण, असे साहेबांनी विचारले. मी म्हणाले, मी. साहेब म्हणाले, "अहो ताई, फिर्यादीच चोराला जामीन? असं कधी ऐकलंय का?" मी म्हणाले, अंडे हुंकार देते हे तरी मी कुठे ऐकले होते? जामीन फिर्यादीने राहू नये असे कायद्यात कुठे लिहिले असेल तर दाखवा. साहेब हसले आणि म्हणाले, उद्या कोर्टापुढे तुमची विनंती ठेवतो, ठरवणार कोर्ट. त्यांनी दिलेला शब्द येथे लिहून घ्यावा.

हे पान्याला गजांतून ऐकू गेले. तो म्हणाला, "ताई, मी परत गाडी नेली तर?" मी म्हणाले, नेऊन बघ. भावजींनी कालच पेटीची लाइन किल्लीवरून काढून थेट बॅटरीवर टाकलीय, आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे. तो हसला. मग म्हणाला, "माझ्यासाठी कुणी जामीन राहिलं नाही आजवर." मी म्हणाले, तुझ्यासाठी नाही रे बाबा. तेही अर्धेच खरे आहे. जबाब खरा द्यायचा असतो म्हणून सांगितले.

येणेप्रमाणे मी सांगितले तसे हवालदारसाहेबांनी उतरवून घेतले आणि नियमाप्रमाणे व्हरांड्यात उभे राहून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर कोठडीतून आवाज आला, "साहेब, जरा हळू वाचा. झोपलंय." हवालदारसाहेब थांबले. गजांपाशी जाऊन पाहिले. परत आले, खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि उरलेला सगळा जबाब मला कानात बोलल्यासारखा वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, बरोबर आहे. म्हणून खाली सही केली.